कथकचा क्लास लावताय? मग या माणसांची ओळख आधी करून घ्या

नवीन बॅच सुरू झाली की पालकांचे प्रश्न ठरलेले असतात, आणि हल्ली तिशी-चाळिशीत शिकायला येणाऱ्या मैत्रिणींचेही तेच असतात. विशारद (कथकची वरची परीक्षा) व्हायला किती वर्षं लागतात, घुंगरू कधी बांधायचे, स्टेज कधी मिळणार, यात करिअर होतं का. सगळ्याची उत्तरं देते, इथेही काहींची देणार आहे. पण मला या नाचात ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त शिकवलं ती कुणीच विचारत नाही. जे आपण करतोय ते आपल्यापर्यंत आलं कुणाकडून?

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत ही नावं असतात. बिंदादीन महाराज, अच्छन महाराज, शंभू महाराज, सुंदरप्रसाद, मग जन्म, गुरू, पुरस्कार, मृत्यू अशी टीप लिहायची, मुली आदल्या रात्री पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण ज्यांची नावं आपण घोकतो त्यांचंच काम आपण रोज संध्याकाळी हातापायांनी करत असतो. माझं नशीब असं की आमच्या ताई कुठलाही तुकडा (ता, थेई अशा बोलांची छोटी रचना) सांगायच्या आधी तो कुणाचा ते सांगायच्या, आणि वहीत बोल उतरवायच्या आधी कोपऱ्यात ते नाव लिहायला लावायच्या. लहानपणी ती सवय होती एवढंच, पण पुढे लक्षात आलं की नाव माहीत असलं की अंग वेगळं लागतं. तीनतालाच्या त्याच सोळा मात्रा असतात, पण लखनौची आमद (प्रवेशाची रचना) घेताना मनगट, मान, नजर सगळं हळू सुटतं आणि जयपूरची परण घेताना पखवाजाचे बोल पायात उतरवायचे असतात, तिथे लाडिक मान चालत नाही.

तर थोडक्यात घराणी सांगते, परीक्षेसाठी नाही, कानाला आणि डोळ्याला सवय व्हावी म्हणून.

लखनौ म्हणजे अवधचा दरबार. वाजिद अली शाह स्वतः नाचणारा, ठुमऱ्या रचणारा नवाब, आणि परंपरेत सांगतात की ठाकूरप्रसादांकडे तो शिकला. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, नवाब कोलकात्याला मटियाबुर्जला गेला, दरबार मोडला. या पडझडीनंतरही घराणं टिकलं ते बिंदादीन महाराज आणि त्यांचे भाऊ कालकाप्रसाद यांच्यामुळे. बिंदादीनांनी कृष्णावर ढिगाने ठुमऱ्या लिहिल्या आणि आज आपण ठुमरीवर जो भाव करतो त्याचा पाया तिथे आहे. कालकाप्रसादांचे तीन मुलगे म्हणजे अच्छन, लच्छू आणि शंभू महाराज, आणि अच्छन महाराजांचा मुलगा बिरजू महाराज. लखनौला कधी गेलात तर या कुटुंबाचं जुनं घर, कालका-बिंदादीन की ड्योढी, आता संग्रहालय करून जपलंय, ते बघून या.

जयपूर म्हणजे राजस्थानातले हिंदू दरबार, पखवाज, लांबलचक परणा, अवघड ताल, चक्कर, पायाची तयारी. जयलाल, नारायणप्रसाद, सुंदरप्रसाद ही तिथली मोठी नावं. बनारसची परंपरा जानकीप्रसादांपासून सांगतात. चौथं नाव रायगडचं घ्यायचं, आणि हे आपला रायगड नाही बरं का, छत्तीसगडातलं संस्थान. तिथले राजे चक्रधर सिंह 1947 मध्ये वारले, पण जिवंत असेपर्यंत त्यांनी जयपूर आणि लखनौ दोन्हीकडचे गुरू दरबारी आणून स्थानिक मुलांना शिकवलं, कार्तिकराम आणि कल्याणदास त्यातूनच तयार झाले.

नवीन मुली विचारतात, ताई आपलं घराणं कुठलं? आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. पण माणसं तशी एका खणात बसत नाहीत. सुंदरप्रसाद जयपूरचे, पण बिंदादीन महाराजांकडेही शिकले आणि मुंबईत त्यांनी शाळा काढली तिला नाव दिलं बिंदादीन महाराजांचं! त्यांच्याकडे शिकलेले मोहनराव कल्याणपूरकर पुढे लखनौच्या भातखंडे संगीत विद्यालयात वर्षानुवर्षं शिकवत होते. त्यामुळे घराण्याचा अभिमान जरूर ठेवा, मलाही आहे, पण दुसऱ्या घराण्याला नावं ठेवणारा क्लास असेल तर तिथे जरा जपून.

आता महाराष्ट्रात शिकणाऱ्यांनी ज्यांना विसरूच नये त्या रोहिणी भाटे, शिष्यांच्या बेबीताई. जन्म 1924, बिहारमध्ये पाटण्याला, पण सगळं काम पुण्यात. सुरुवातीला त्या पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम शिकल्या, मग जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे कथक, आणि पुढे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोघांकडे एक तपाहून जास्त काळ तालीम. 1947 मध्ये त्यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली. त्या काळातलं पुणं डोळ्यासमोर आणा, मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पायात घुंगरू बांधून लोकांपुढे नाचायचं, तेही उत्तरेकडचा नाच, ज्याचं नाव काढलं की लोकांना कोठा आठवायचा. तिथे त्यांनी कथकला अभ्यासाची शिस्त आणि प्रतिष्ठा दिली. केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणं शिकल्या होत्या, त्यामुळे रचना करताना नुसते पायाचे बोल नाही, काव्य आणि राग यांचाही विचार असायचा. संस्कृतचा व्यासंग होता, मराठीतून नाचावर लिहिलं, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथकचा अभ्यासक्रम उभा राहिला त्यातही त्यांचा हात होता. 2008 मध्ये त्या गेल्या. शमा भाटे, प्रेरणा देशपांडे, रोशन दात्ये या त्यांच्याच शिष्या. आज पुण्यामुंबईत, नाशकात कुठल्याही क्लासला गेलात तर दोन-तीन पिढ्यांत धागा त्यांच्यापर्यंत जाण्याची शक्यता बरीच आहे, तुमच्या ताईंना विचारून बघा, त्यांना आवडेलच सांगायला.

पुण्यातला दुसरा मोठा धागा गोपीकृष्णांचा, मनीषा साठे त्यांच्या शिष्या. गोपीकृष्ण बनारसचे, सितारादेवींचे भाचे. शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये (1955) ते नायक होते, आजीला विचारा, तिने बघितला असेल. सितारादेवींच्या वडिलांनी, सुखदेव महाराजांनी, मुलींना नाच शिकवला म्हणून बिरादरीने घराला वाळीत टाकलं होतं, आणि त्याच मुलीने पुढे भल्याभल्या पुरुष नर्तकांना तोंडात बोट घालायला लावलं. त्यांचा जुना व्हिडिओ लावलात तर आधी पाय बघू नका, डोळे बघा.

आणि मॅडम मेनका. लीला सोखी त्यांचं नाव, बंगालमधल्या बारिसालच्या, लग्न होऊन मुंबईत आल्या. एकट्याने नाचायच्या कथकमधून त्यांनी समूहाचं नृत्यनाट्य उभं केलं, 1936 ला बर्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांच्या ग्रुपने बक्षिसं मिळवली, आणि आपल्या खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली. लोणावळ्याला चिक्की घेणाऱ्या किती जणांना माहितीय की शेजारी खंडाळ्यात एकेकाळी कथकचं गुरुकुल होतं? दमयंती जोशी त्यांच्याच हाताखाली लहानपणापासून घडल्या, त्यांच्याबरोबर युरोप फिरल्या आणि पुढे स्वतः मोठ्या नर्तकी झाल्या.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायचीय. वर जी नावं घेतली त्यात जुन्या काळातले सगळे पुरुष आहेत, कारण पुस्तकात तेच आहेत. पण एकोणिसाव्या शतकात हा नाच, ही ठुमरी, बसून एकाच ओळीवर दहा तऱ्हेचे भाव दाखवणं, हे मैफिलीत लोकांपुढे कोण करत होतं? तवायफा. महाराज मंडळींनी त्यांना शिकवलं आणि त्यांनी ते गायलं, नाचलं, जगवलं. मग 1890 च्या सुमारास नाचाविरुद्ध मोहीम सुरू झाली, दरबार आधीच गेलेले, त्या बायकांचं पोट आणि मान दोन्ही गेलं, आणि नंतर घरंदाज मुली शिकायला लागल्या तेव्हा नाच शुद्ध झाला असं लोक म्हणायला लागले. मला हे वाक्य ऐकवत नाही. क्लासमध्ये ठुमरी शिकवताना मी हे मोठ्या मुलींना सांगतेच, पालकांना आवडो न आवडो.

बिरजू महाराजांबद्दल किती लिहू. वडील अच्छन महाराज गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे, घरची परिस्थिती बेताची, आणि कपिला वात्स्यायन, ज्या अच्छन महाराजांकडे शिकल्या होत्या, त्यांनी त्यांना दिल्लीला आणलं. तेराव्या वर्षी ते संगीत भारतीत शिकवायला लागले! पुढे भारतीय कला केंद्र, कथक केंद्र, निवृत्तीनंतर स्वतःचं कलाश्रम. 17 जानेवारी 2022 ला गेले. नवीन मुलांनी त्यांचं काय बघायचं, तर तिहाया, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. टेलिफोनवरचं बोलणं, चेंडूचा खेळ, हरणाचं दचकणं, असं रोजचं काहीतरी ते लयीत बसवायचे आणि सम आली की कळायचं की मघापासून चाललेला सगळा हिशोबच होता. हिशोब शिकायचाय तर त्यांच्यासारखी दुसरी शाळा नाही. त्यांचे काका लच्छू महाराज मुंबईत सिनेमात काम करायचे, 'मुगल-ए-आझम'मधली नृत्यं आठवा, तो सगळा लास्याचा, म्हणजे नाजूक अंगाचा, नखरा त्यांचा. दुर्गालाल जयपूरचे, पखवाजही वाजवायचे, 1990 मध्ये लखनौला कार्यक्रम झाल्यावर अचानक गेले, चाळिशी नुकती ओलांडलेली. कुमुदिनी लाखिया अहमदाबादच्या, कदंब संस्था त्यांची, समूहरचना कशी विचार करून बांधायची ते त्यांच्याकडून शिकावं, गेल्या त्या एप्रिल 2025 मध्ये, त्याच वर्षी पद्मविभूषण जाहीर झालं होतं.

आता प्रत्यक्ष शिकण्याचं बोलू.

क्लास निवडताना फी आणि अंतर बघालच, पण एक तास बसून बघू द्या म्हणा. ताई हातावर ताल देऊन स्वतः पढंत करतात (बोल तोंडाने म्हणतात) का, की गाणं लावून स्टेप दाखवतात, हे बघा. पहिलं वर्ष जवळजवळ सगळं ततकारात, म्हणजे पायाच्या मूळ बोलांत, जातं, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, बरोबरी, दुगुन, चौगुन (एकपट, दुप्पट, चौपट लयीत), आणि हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली. कंटाळा येतो, मुलं रडतात, आया फोन करतात की नाच कधी शिकवणार. हाच नाच आहे. गॅदरिंगला दोन महिन्यांत बसवून देते म्हणणाऱ्या ठिकाणी गॅदरिंग होईल, कथक नाही.

घुंगरू सुरुवातीला नकोत, पाय पडायला लागला की ताई सांगतील. कथकचे घुंगरू सुती दोरीत ओवलेले असतात, भरतनाट्यमसारखे पट्ट्यावरचे घेऊन येऊ नका, दरवर्षी कुणीतरी आणतंच. लहान मुलांना पायाला पन्नास पुरतात, मोठ्यांना शंभर. आणि घरी रियाज करताना खाली नुसती कडक फरशी असेल तर टाचा आणि गुडघे दुखणार, सतरंजी घाला, आवाज कमी आला तरी चालेल.

लेहऱ्याचं (ताल धरून सतत वाजणाऱ्या धुनेचं) अ‍ॅप मोबाईलवर घ्या पण त्याच्यावरच अवलंबून राहू नका, रोज थोडा वेळ नुसतं बसून हाताने ताल देत बोल म्हणा, भाजी चिरताना म्हणा, लोकलमध्ये मनात म्हणा. जिला पढंत येते तिचा पाय चुकला तरी ती समेवर परत येते.

परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा. द्या, शिस्त लागते, पण दरवर्षी एक झालीच पाहिजे असा धोशा लावू नका. ज्यांना पुढे पूर्ण वेळ करायचंय त्यांच्यासाठी ललित कला केंद्रात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण आहे, दिल्लीचं कथक केंद्र आहे. दहा ते चौदा वयाच्या मुलांना सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती मिळू शकते, अठरा ते पंचवीस वयात सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी वेगळी आहे, दोन्हीचे फॉर्म वेळेवर भरा, बऱ्याच जणींना माहितीच नसतं.

करिअर होतं, पण बहुतेकींचं पोट क्लासेसवर चालतं, कार्यक्रमांवर नाही. एका तासाच्या बैठकीला तबला, हार्मोनियम, गायन, पढंत एवढी माणसं लागतात, त्यांचं मानधन, येणं-जाणं, कॉस्च्युम, हॉल, आणि बरेचदा आयोजक देतो त्यात हे भागत नाही. म्हणून साथीदारांचे पैसे आधी ठरवा आणि आधी द्या, स्वतःचं नंतर बघा. तबलजी हा तुमचा नोकर नाही, अर्धा नाच तो वाजवतो. शिकवायला लागलात तर तुमच्या वहीतल्या प्रत्येक तुकड्यासमोर ज्याचं नाव आहे ते तुमच्या विद्यार्थिनीच्या वहीत गेलं पाहिजे, स्वतःचं नाव तिथे घालू नका.

वयाचं विचारणाऱ्यांना, चाळिशीतही या. चक्कर कमी घ्या, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि भावाकडे वळा, गत (चालीतून प्रसंग दाखवणं), ठुमरी, बैठकीचा भाव. शंभू महाराज त्यासाठीच तर ओळखले जायचे, आणि मोठ्या वयाच्या बायकांच्या चेहऱ्यावर ठुमरी जी उमटते ती पंधरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर मी अजून बघितलेली नाही.