कॅन्सरसाठी क्लिनिकल ट्रायल कशी शोधायची आणि त्यात कसं जायचं (नाशिककरांसाठी)

माझे मामा निफाडकडचे, द्राक्षबाग आहे. त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा घरातले आम्ही सगळे फक्त पुढच्या किमोची तारीख बघत होतो. ट्रायल, म्हणजे नवीन औषध किंवा उपचार पेशंटवर नियमाने तपासून बघणं, हा शब्द कानावर आला तो दोन प्रकारची किमो देऊन झाल्यावर, आणि तेव्हा जी ट्रायल सापडली तिच्यात अट अशी की आधी एकाच प्रकारचं औषध झालेलं असावं. थोडं आधी विचारलं असतं तर निदान तपासणीपर्यंत तरी पोचलो असतो, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे. सगळे उपाय संपल्यावर ट्रायल शोधू असं करू नका. बायोप्सीचा रिपोर्ट आला की पहिला डोस लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, "सर, या आजारासाठी कुठे ट्रायल चालू आहे का, आणि आत्ता ही किमो सुरू केली तर एखादी ट्रायल हातची जाईल का?" औषध बदलायची वेळ आली की हाच प्रश्न परत. पण ट्रायल शोधतोय म्हणून चालू ट्रीटमेंट मनानेच थांबवायची नाही, किती दिवस थांबलं तर चालेल हेही डॉक्टरांनाच विचारायचं.

ट्रायल शोधताना सॉलिड ट्यूमर हा शब्द सारखा येईल, तो म्हणजे गाठीचा कॅन्सर, तोंड, स्तन, फुफ्फुस, अन्ननलिका, गर्भाशयाचं तोंड वगैरे. रक्ताच्या कॅन्सरच्या ट्रायल वेगळ्या असतात, त्यामुळे पेपरात नवीन उपचाराची बातमी आली की तो रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे की गाठीच्या ते आधी बघा, आमच्या घरात अशा बातम्यांवरून दोनदा उगाच आशा लागली होती.

आता फाईल. बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, गाठीच्या ज्या काही मार्कर टेस्ट, म्हणजे गाठ नेमकी कुठल्या जातीची ते सांगणाऱ्या खुणांच्या टेस्ट, झाल्यात त्यांचे रिपोर्ट (फुफ्फुसाला ईजीएफआर आणि एएलके, स्तनाला ईआर, पीआर, हर टू), सीटी किंवा पेट स्कॅनच्या सीडी, नुसते कागद नाही, आणि कुठलं औषध कधी सुरू झालं, कधी बंद झालं, का बंद झालं याचं एक पान तारखांसकट. हे पान घरीच वहीत बघून लिहा. आणि ब्लॉक! बायोप्सीचा तुकडा मेणात घालून ठेवलेला असतो त्याला ब्लॉक म्हणतात, तो लॅबकडे राहतो आणि ट्रायलवाले पुष्कळदा तोच मागतात. आमचा ब्लॉक शोधायला एका लॅबने आठ दिवस लावले, म्हणून आत्ताच लॅबमध्ये जाऊन ब्लॉक आहे का, मिळायला अर्ज कसा करायचा हे विचारून ठेवा.

मग शोध. भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया इथे होते, ही सरकारी नोंदवही आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था चालवते, 2007 साली सुरू झाली आणि फुकट बघता येते. गूगलवर सीटीआरआय टाका, सर्चमध्ये आजाराचं इंग्रजी नाव टाका आणि रिपोर्टवर जसं लिहिलंय तसं टाका, नुसतं कॅन्सर टाकलं तर ढीगभर नोंदी येतात आणि माणूस कंटाळतो. नोंद उघडली की तीन गोष्टी बघायच्या. एक, भरती चालू आहे का. ओपन टू रिक्रूटमेंट असं लिहिलेलं हवं. दोन, ट्रायल कुठल्या हॉस्पिटलात आहे. नाशिक शोधताना इंग्रजीत एच घालून आणि एच न घालता दोन्ही स्पेलिंग बघा. आपल्याकडे मुंबई नाक्याजवळच्या मानवता कॅन्सर सेंटरचं नाव अशा नोंदींत दिसतं, त्यापलीकडे परळचं टाटा, खारघरचं टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक आणि पुण्याची हॉस्पिटलं. तीन, इन्क्लुजन आणि एक्स्क्लुजन, म्हणजे कोणाला घेणार आणि कोणाला नाही. वय, आधीची औषधं, किडनी लिव्हरचे आकडे, स्कॅनवर मोजता येईल एवढी गाठ (बहुतेक वेळा सीटीवर निदान 10 मिलिमीटर), आणि ईसीओजी नावाचा स्कोअर, म्हणजे पेशंट किती हिंडताफिरता आहे त्याचा आकडा. हा 0 ते 5 असतो, 0 म्हणजे पेशंट पूर्ण धडधाकट, आणि पुष्कळ ट्रायलना 0 किंवा 1 च लागतो. लवकर शोधा म्हणतोय ते यासाठीही, कारण पेशंट अंथरुणाला खिळल्यावर हा स्कोअर परत खाली आणणं फार अवघड असतं.

यात सगळं कळलं नाही तरी अडत नाही. प्रत्येक नोंदीत संपर्काचं नाव आणि फोन असतो, सरळ फोन करा, कारण नोंदीत भरती चालू दिसते आणि प्रत्यक्षात जागा भरलेल्या असतात असंही होतं. ट्रायलचा नंबर सांगा आणि ते तारखांचं पान समोर ठेवून बोला. ट्रायलमध्ये घ्यायला कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

आता घरातली भीती. आमची मामी म्हणायची, "यांच्यावर प्रयोग करणार ते." तिचं चुकत नव्हतं, प्रयोगच असतो, पण कसा ते समजून घ्या. ट्रायलच्या टप्प्यांना फेज म्हणतात. पहिल्या फेजला डोस किती झेपतो ते बघतात, दुसऱ्या फेजला गाठ कमी होते का, तिसऱ्या फेजला नवीन उपचार आणि नेहमीचा उपचार शेजारी शेजारी ठेवून बघतात, कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो. नेहमीचा चांगला उपचार असेल तर तो काढून नुसती साखरेची गोळी देत नाहीत. टाटामध्येच तोंड, घसा, मान यांच्या वाढलेल्या कॅन्सरवर अशी ट्रायल झाली, निवोलुमॅब या महागड्या औषधाचा फक्त 20 मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी साध्या गोळ्यांच्या किमोला जोडला, तर वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण साधारण 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. त्यात 151 पेशंट होते. ते सहभागी झाले म्हणून आज हा कमी खर्चाचा पर्याय आपल्यासमोर आहे. अर्थात प्रत्येक ट्रायलमध्ये नवीन औषध जिंकतंच असं नाही, हेही मामीला स्पष्ट सांगितलं.

संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी माहितीपत्रक मराठीतलं मागा, घरी आणा, दोन दिवस वाचा. विचारायचे प्रश्न: कोणती फेज, किती वेळा यायचं, जास्तीच्या बायोप्सी किती, कुठल्या टेस्टचा खर्च ते करणार आणि कुठला आपल्या अंगावर, जाण्यायेण्याचे पैसे मिळणार का, औषध लागू पडलं तर ट्रायल संपल्यावर ते मिळत राहणार का. 2019 च्या सरकारी नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात आणि नुकसानभरपाईही आहे. एथिक्स कमिटी म्हणजे ट्रायलमध्ये पेशंटचं हित जपलं जातं का ते बघणारी समिती, तिचा फोन त्याच कागदावर असतो, सही केलेल्या कागदाची एक प्रत आपल्याकडे हवीच. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे बाकीची ट्रीटमेंट अडवता येत नाही, फक्त डॉक्टरांना सांगून पडा, कारण काही औषधं अचानक बंद करणं बरं नसतं.

परळला जायचं तर पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून टॅक्सी, हे नाशिकरोडच्या लोकांना सांगायला नको. कॅन्सर पेशंटला रेल्वेत तिकिटाची सवलत आहे, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या. आणि फेऱ्यांचं वेळापत्रक शेतीच्या कामांशी ताडून बघा, ऑक्टोबरच्या छाटणीत दर तीन आठवड्यांनी दोन माणसं मुंबईला जाणार म्हटल्यावर बाग कोण बघणार हे आधीच ठरलेलं बरं, कारण अधूनमधून खाडा केलेला ट्रायलमध्ये चालत नाही.

सही झाली म्हणजे घेतलं असं नाही. त्यानंतर स्क्रीनिंग होतं, रक्त, स्कॅन, कधी नवीन बायोप्सी, आणि त्यात पेशंट बसला नाही तर त्याला स्क्रीन फेल म्हणतात. तसं झालं तर कारण लिहून मागा, कारण एखादा रक्ताचा आकडा सुधारला तर काही वेळा परत बोलावतात. सीडी आणि ब्लॉक परत घेतल्याशिवाय तिथून निघू नका, पुढच्या ठिकाणी लगेच तेच लागणार आहेत.