बेटकुळीतलं तिसरं डोकं

एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला मृतदेहाच्या दंडाचं डिसेक्शन चालू असताना मी एक अख्खा स्नायू 'साफ' केला होता. फॅशिया, म्हणजे स्नायूवरचा पातळ पडदा, समजून फोर्सेप्सने (चिमट्याने) ओढला, तुटला, ट्रेमध्ये टाकला. मॅडम टेबलापाशी आल्या, तो तुकडा उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हा कुठून कुठे जात होता?" मला सांगता येईना. पुस्तकातल्या चित्रात तिथे काही नव्हतं, म्हणून मी तिथे काही पाहिलंच नव्हतं.

तो बायसेप्सचा तिसरा हेड, म्हणजे डोकं, होता; स्नायू जिथून सुरू होतो त्या भागाला हेड म्हणतात. बायसेप्स म्हणजेच दोन डोक्यांचा; शाळेच्या पुस्तकात याला द्विशिरस्क म्हणायचे. लहानपणी हात वाकवून आपण बेटकुळी काढायचो तोच हा. पण काहींच्या दंडात त्याला तिसरं डोकं असतं. पाठ्यपुस्तकं साधारण 10 टक्के म्हणतात, निरनिराळ्या देशांतल्या नोंदींत आकडा कमी-जास्त होतो. चौथं, पाचवं, अगदी सातवं डोकंही नोंदलं गेलंय.

ठाणे-नवी मुंबईत यंदा मेडिकलला ॲडमिशन मिळालेल्या मुलांनी हल्ली मला विचारलं, की ॲनाटॉमी कशी करू, तर मी हीच गोष्ट सांगते. सकाळी कळव्याच्या खाडीपुलावर बस अडकलेली असते तेव्हा तुम्ही ओरिजिन-इन्सर्शन (स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो) पाठ करणारच, ते मी सांगायला नको. टेबलावर मात्र पाठांतर जरा बाजूला ठेवा. अनोळखी पट्टा दिसला की कात्री खाली ठेवायची आणि त्याची दोन्ही टोकं शोधायची. मग त्यात कुठली नर्व्ह (मज्जातंतू) शिरते ते बघायचं, कारण स्नायूची ओळख बऱ्याचदा नर्व्हच पटवते. माझ्या त्या पट्ट्याचं उरलेलं टोक ह्युमरसवर, म्हणजे दंडाच्या हाडावर, सापडलं; कोराकोब्रॅकियालिस हा दंडातला स्नायू जिथे संपतो त्याच्या जवळ, शेजारच्या ब्रॅकियालिस स्नायूला लागून. खालून तो बायसेप्सच्या टेंडनकडे जात असणार. बायसेप्सला जाणाऱ्या मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हची बारीक फांदी तुटून लोंबत होती. तीही मीच तोडलेली.

शेवटी आर्टरी (रोहिणी) कुठे आहे ते पाहायचं. हा हेड बहुतेक वेळा दंडातल्या मुख्य, ब्रॅकियल आर्टरीच्या मागून जातो. कधी दोन पट्टे असतात, एक पुढून, एक मागून, आणि आर्टरी मधल्या फटीत. तिथे आर्टरीवर किंवा शेजारच्या मेडियन नर्व्हवर दाब येऊ शकतो. ह्युमरस मोडला तर असा जादा हेड तुकड्यांना अनपेक्षित दिशेला ओढू शकतो. मग नर्व्ह, आर्टरी, स्नायू सगळं पेन्सिलने जर्नलमध्ये काढून ठेवा. मोबाइलवर फोटो नाही. पहिल्या दिवशी देहासमोर त्याचा मान राखायची शपथ घेतलीय ना? आणि दुसरा दंडही उघडून बघा. तिथे तेच सापडेल असं मुळीच नाही.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) मात्र शहाणपणा जपून करा. "बायसेप्सला किती हेड्स?" याचं उत्तर दोन. नावं सांगा, ओरिजिन सांगा, आणि परीक्षकांनी मान डोलावली तर तिसऱ्याचा विषय काढा. आमच्या बॅचमधल्या एकाने थेट तिसऱ्यापासून सुरुवात केली आणि शॉर्ट हेडचा ओरिजिन विसरला.

दंडात मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे सुप्राकॉन्डायलर प्रोसेस. कोपराच्या आतल्या हाडापासून साधारण 5 सेंटिमीटर वर, ह्युमरसवर हाडाचा छोटा काटा. जवळपास 1 टक्का लोकांत असतो. त्याच्यापासून खाली जाणाऱ्या लिगामेंटला स्ट्रदर्स या स्कॉटिश ॲनाटॉमिस्टचं नाव आहे. त्याखालून मेडियन नर्व्ह आणि आर्टरी जातात. मांजराच्या ह्युमरसला त्याच जागी नीट छिद्र असतं, आपल्यात त्याची क्वचित खूण उरते. डार्विननेही 1871 साली याचा दाखला दिला होता. ओपीडीत हे असं दिसतं: बोटांना मुंग्या येतात, सगळे कार्पल टनेल (मनगटात नर्व्ह दबणं) म्हणतात, पण पेशंटला हात पालथा करतानाही जोर लागत नाही. ते मनगटातल्या दाबाने होत नाही, म्हणजे अडचण वर आहे. एक्सरेत काटा दिसला तर त्याचं टोक बघा. हा कोपराकडे वळलेला असतो, ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही हाडाची गाठ सांध्यापासून दूर वळते.

काखेतली लँगर्स आर्च सर्जरीला गेल्यावर भेटेल. पाठीच्या लॅटिसिमस डॉर्सायपासून छातीच्या पेक्टोरॅलिसकडे जाणारा हा स्नायूचा पट्टा, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढताना सर्जनला वाट चुकवतो.

मी पुढे अनेस्थेशिया (भूलशास्त्र) घेतलं, त्यामुळे माझा पिच्छा मस्क्युलोक्युटेनियसने पुरवला. ती सहसा कोराकोब्रॅकियालिसमधून आरपार जाते. काहींच्यात जातच नाही, मेडियनला चिकटून खाली येते, किंवा मध्येच मेडियनला एक फांदी देते. नवी मुंबईत रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी एक पेशंट आला, पाम बीच रोडवर स्कूटर घसरून मनगट मोडलेला. ॲक्झिलरी ब्लॉक, म्हणजे काखेतल्या नर्व्हभोवती औषध देऊन फक्त हात बधिर करणं, द्यायचा होता. सोनोग्राफीवर आर्टरी दिसली, भोवती मेडियन, अल्नर, रेडियल या नर्व्ह दिसल्या. मस्क्युलोक्युटेनियस नेहमीच्या जागी नाही. ती सुटली तर अंगठ्याकडची फोरआर्मची कातडी जागी राहते आणि प्लेट बसवताना पेशंट कळवळतो.

सिनियर म्हणाले, "घाई नको, प्रोब खाली ने." मी प्रोब दंडावरून हळूहळू कोपराकडे सरकवला. मेडियन म्हणून जी जाडसर पांढरी गाठ दिसत होती तिच्यातून एक तुकडा सुटला आणि बायसेप्सखाली शिरला. सापडली. परत वर येऊन मेडियनभोवती औषध नीट पसरवलं, वीस मिनिटांनी अंगठ्याच्या बाजूला बर्फ लावून पाहिला, पेशंटला काही कळलं नाही.

ऑपरेशनभर तो गप्पा मारत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, मघाशी एवढा वेळ काय शोधत होतात?" मी सांगितलं आणि हळूच विचारलं, दुसऱ्या दंडावर एकदा प्रोब फिरवू का? हसून हो म्हणाला. तिथे ती होती, पुस्तकात असते तिथेच.