निकोटिनचा पॅच लावताना

निपाणी-चिकोडीकडे तंबाखू शेतातच पिकते. त्यामुळे ‘बिडीत काय एवढं’ म्हणणारे पुष्कळ. पॅच म्हणजे बिडी-सिगारेट सोडताना अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी. तिचा हिशोब करताना मात्र बिडी सिगारेटसारखीच मोजा.

दिवसाला दहापेक्षा जास्त ओढत असाल तर 21 मिलिग्रॅमचा पॅच 6 आठवडे, मग 14 चा 2 आणि 7 चा 2 आठवडे. दहा किंवा कमी असतील तर 14 पासून सुरुवात. गरोदर असाल किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सकाळी अंघोळीनंतर दंड, पाठ किंवा छातीवर, केस नसलेल्या जागी लावायचा. त्वचा कोरडी ठणठणीत हवी. तेल लावलेल्या अंगावर पॅच टिकत नाही, आणि खानापूरच्या पावसाळी दमटपणात तर कडा लगेच सुटतात. तळव्याने 10 सेकंद दाबून धरा. रोज जागा बदला, तीच जागा आठवडाभर नको. कापून अर्धा करू नका.

रात्री विचित्र स्वप्नं पडली, झोप उडाली, तर झोपताना काढा. मग सकाळची पहिली तलफ जोरात येते. तेव्हा, आणि चहाच्या टपरीवरही, 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम (च्युइंगगमसारखा) थोडा चावून गालात धरा. पॅच हळूहळू काम करतो, तलफ एकदम येते. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं, आणि दोष पॅचला जातो.

वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका, पोरांच्या हाती लागू नये. मोफत सल्ल्यासाठी 1800-11-2356.