बँकॉकची जुनी नगरी बघायला जाताय? या चुका टाळा

बँकॉकच्या सहलीच्या पत्रकात 'हाफ डे सिटी टूर' अशी एक ओळ हमखास असते. त्या अर्ध्या दिवसात ग्रँड पॅलेस, निजलेला बुद्ध आणि वाट अरुण ('वाट' म्हणजे देऊळ) कोंबलेलं असतं आणि वर एक रत्नांचं दुकान. आई आणि आत्याला घेऊन मी पहिल्यांदा गेले तेव्हा हीच टूर घेतली होती. दोघींना रामायण तोंडपाठ. पण देवळाच्या ओवरीत भिंतभर रंगवलेलं रामायण त्यांना बघायला मिळालं ते गाइडच्या झेंड्यामागे धावत. आत्या हॉटेलवर आल्यावर एवढंच म्हणाली, "अगं, तो मारुती होता का? मला नीट बघायचा होता." म्हणून दोन वर्षांनी तिला परत घेऊन गेले आणि तोच भाग सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघितला.

तेव्हा पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: जुनी नगरी अर्ध्या दिवसात उरकणं. तीनच दिवस असले तरी त्यातला एक अख्खा दिवस नदीकाठच्या रत्नकोसिन भागाला द्या. मॉल रात्री उशिरापर्यंत उघडे असतात, राजवाड्याची तिकीटखिडकी मात्र दुपारी साडेतीनला बंद होते. सकाळी साडेआठला ती उघडते, त्याआधी दारात उभे राहा. दहा वाजले की बसगाड्या येऊन थडकतात आणि ऊनही चढतं.

"पॅलेस आज बंद आहे"

राजवाड्याच्या आसपास नीटनेटके कपडे घातलेला एखादा माणूस अगदी आपुलकीने सांगतो की आज बौद्ध सण आहे, पॅलेस दुपारी उघडेल, तोवर हा टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, तुम्हाला चार देवळं दाखवेल, फक्त २० बाथ. इतक्या स्वस्तात टुकटुक फिरत नाही. ती जाते रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात, आणि चालकाला कमिशन मिळतं. आम्हीही अशा एका दुकानात तासभर अडकलो होतो. 'आज सरकारी सूट आहे' असं सांगत नीलम पुढे करत होते. आईने पर्स उघडली नाही, म्हणून निभावलं.

यावर उपाय सोपा आहे. रस्त्यावर कुणीही काहीही सांगितलं तरी ना फ्रा लान रस्त्यावरच्या मुख्य दरवाज्यापर्यंत स्वतः चालत जा आणि तिथल्या पहारेकऱ्याला विचारा. एरवी राजवाडा रोज उघडा असतो, राजघराण्याचा समारंभ असला तरच काही भाग बंद ठेवतात. टुकटुकमध्ये बसून चुकलातच, तर वाद न घालता गजबजलेल्या जागी उतरा आणि ग्रॅब किंवा बोल्ट अ‍ॅपवरून गाडी मागवा. साध्या टॅक्सीत बसलात तर आधी मीटर टाकायला सांगा. चालक मीटरला नाही म्हणाला तर पुढची टॅक्सी बघा.

ओढणीने भागत नाही

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. पण बिनबाह्यांच्या टॉपवर ओढणी घेतली की झालं, असं आपण धरून चालतो. राजवाड्याच्या दारात ओढणी पुष्कळदा चालत नाही, फाटक्या जीन्स आणि घट्ट लेगिंगही अडवतात. मग बाहेर हत्तींची नक्षी असलेल्या पँटा चढ्या भावाने घ्याव्या लागतात. सरळ बाह्यांचा सुती कुर्ता आणि सैल पायजमा घाला, उकाड्यातही तेच बरं पडतं. ठिकठिकाणी चपला काढाव्या लागतात, म्हणून लेसचे बूट नकोत. राजवाड्याच्या आवारातल्या देवळात पाचूच्या बुद्धासमोर बसताना पाय मागे दुमडून घ्या, तळवे मूर्तीकडे करायचे नाहीत. आत फोटो काढायला मनाई आहे. ही मूर्ती पाचूची नसून हिरव्या जेडची आहे, उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर. ऋतू बदलला की राजाच्या हस्ते तिचा पोशाख बदलतो, वर्षातून तीनदा.

भिंतीकडे पाठ करून फोटो

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या चुकीचं. पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती चौफेर ओवरी आहे. तिच्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. लोक सोनेरी स्तूपाचे फोटो काढतात आणि याच ओवरीत सावलीला बसून पाणी पितात. मागे वळून बघत नाहीत.

उत्तरेच्या दरवाज्यापासून सुरुवात करा आणि प्रदक्षिणा घालतो तसं चालत जा. सुरुवातीलाच जनकाला जमिनीत सीता सापडते. पुढे रथ, राक्षस, वानरसेना, आणि दागिन्यांवर, मुकुटांवर खऱ्या सोन्याचा वर्ख. तिरक्या उजेडात तो चमकतो तेव्हा चित्रातली माणसं जरा हलल्यासारखी वाटतात. आत्या ज्या चित्रापुढे थबकली, त्यात शुभ्र, अवाढव्य मारुती स्वतःच्या अंगाचा पूल करून आडवा झाला आहे आणि अख्खी सेना त्याच्यावरून पलीकडे चालली आहे. ती पाऊण तास तिथून हलली नाही.

इथे काही गोष्टी आपल्याला धक्का देतात, त्या आधीच माहीत असू द्या. रामकियनमध्ये सीता ही रावणाची मुलगी आहे. मारुती ब्रह्मचारी नाही. रावणाची दुसरी मुलगी, मत्स्यकन्या सुवन्नमच्छा, मारुतीच्या प्रेमात पडते. रावणाचं नाव थोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ. हिरव्या अंगाचा हा दशकंठ दरवाज्यावर राखणदार म्हणून उभा आहे. थायलंडच्या चक्री घराण्याचे राजे स्वतःला राम म्हणवतात. पहिल्या रामाने १७८२ मध्ये इथे राजधानी वसवली. त्याहून जुनी राजधानी अयुथया, म्हणजे अयोध्या, १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली होती.

नदी सोडून रस्त्याने जाणं

या भागात टॅक्सी सिग्नलला अडकते आणि मीटर पळत राहतो. बीटीएस या उन्नत रेल्वेने सफान ताकसिनला उतरा, खालच्या साथोर्न धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट घ्या. कुठेही उतरलात तरी १६ बाथ. धक्क्यावर आधी निळ्या झेंड्याची पर्यटक बोट पुढे करतात, ती बरीच महाग आहे. उन्हाने जीव मेटाकुटीला आला असेल तर एमआरटी मेट्रोचं सनाम चाय स्टेशन वाट फोला, म्हणजे निजलेल्या बुद्धाच्या देवळाला, अगदी लागून आहे.

वाट फोमध्ये निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब. लोक चेहऱ्याचा फोटो काढून निघतात, तळव्यांपर्यंत जा. शिंपल्यांच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हं आहेत. मागच्या बाजूला १०८ वाडगी मांडलेली आहेत, सुटी नाणी घेऊन एकेकात टाकत जायचं. आईने जपमाळ ओढावी तशी टाकली.

मग ता तियन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. नाव पहाटेचं, पण देऊळ पश्चिम काठावर असल्याने सूर्य त्याच्यामागे मावळतो. म्हणून आत जायचं ते दुपारी, आणि संध्याकाळी अलीकडच्या काठावर परत यायचं.

शाकाहारी मंडळींची फसगत शब्दावरून होते. 'मांगसविरत' म्हणजे आपलं मांसविरत, पण त्यात अंडं चालतं आणि फिश सॉसही पडू शकतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात १७ सारखं दिसणारं 'जे' शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय होते.

थोडक्यात आणखी काही. चातुचाक बाजार खरा भरतो तो शनिवार-रविवारी. दामनोन सदुआकचा तरंगता बाजार जवळपास १०० किलोमीटरवर आहे, तो राजवाड्याच्या दिवसाला जोडू नका. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. पुढच्या विमानाचं तिकीट काढताना नाव वाचा. मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. ई-सिगारेट नेऊ नका, तिथे त्यावर बंदी आहे.

परतताना सुवर्णभूमीवर पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे: वासुकीला ओढणारे देव आणि असुर, मध्ये मंदार, वर विष्णू, खाली कूर्म. गेट लांब असतात, आणि धावत गेलात तर तेही हुकेल. अर्धा तास जास्त हाताशी ठेवा.