प्रयोगवहीतल्या या चुका टाळा

पाणी किती अंशांना उकळतं? सहावी-सातवीच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, 100 हेच उत्तर येईल. तेच मूल, समोर चंचुपात्रात पाणी खदखदत असताना आणि त्यात थर्मामीटर बुडवलेला असतानाही, काचेकडे न बघता वहीत 100 लिहितं. वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. यापेक्षा जास्त वेळा दुसरी कुठलीही चूक मी दुरुस्त केलेली नाही.

आमची शाळा पुण्यात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाच उकळतं. ढोबळ हिशेब म्हणजे दर 300 मीटरला एक अंश. त्यामुळे पुण्यात पाणी 98 च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला तर 95-96 अंशांनाच. 100 हा आकडा समुद्रकाठचा आहे.

एकदा सातवीच्या वह्या तपासत होते. सगळ्या वर्गाचं 100. एका वहीत मात्र त्या आकड्याखालचा कागद खरवडलेला दिसला. वही खिडकीशी तिरकी धरली, तर खोडलेल्या जागी पेन्सिलीनं दाबून लिहिलेल्या 98 चा वळ होता. मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, मला 98च दिसलं होतं. पण सगळ्यांचं 100 आलं, म्हटलं माझंच चुकलं असणार." अख्ख्या वर्गात थर्मामीटर नीट वाचणारा तो एकटा, आणि त्यालाच आपलं उत्तर खोडावंसं वाटलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझ्या वर्गात निरीक्षण पेनानंच लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी नवा आकडा लिहायचा. प्रयोगाच्या तासाला खोडरबर दप्तरातच राहतो.

आकडा फारच वेगळा आला, समजा 92 किंवा 104, तर आधी थर्मामीटर तपासा. बर्फ ठेचून त्यात थोडं पाणी घाला आणि थर्मामीटरचा फुगा त्यात बुडवा. दोन-तीन मिनिटांत शून्य दिसायला हवं. शाळेतले थर्मामीटर एखाद-दुसऱ्या अंशानं चुकतात, ते किती चुकतात हे माहीत असलं की काम भागतं. फुगा पात्राच्या तळाला टेकवू नका. आकडा वाचायला थर्मामीटर पाण्याबाहेर काढू नका. आणि घरातला ताप मोजायचा थर्मामीटर या कामाला कधीही घेऊ नका. तो 42 अंशांपर्यंतचाच असतो, उकळत्या पाण्यात फुटतो. पाऱ्याचा असेल तर पारा विषारी असतो.

मेणबत्ती आणि पेला

दुसरी चूक मुलांची कमी, आम्हा शिक्षकांची जास्त. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. मग सांगितलं जातं, "ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं." हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, त्यामुळे हे पटतंही. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं असंच शिकवलं.

मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ऑक्सिजन जळता जळता हळूहळू संपतो ना? मग पाणीही हळूहळू चढायला हवं. ते विझल्यावर एकदम का चढलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोग पुन्हा केला, आधी एक मेणबत्ती घेऊन आणि मग त्याच पेल्याखाली तीन. तीन मेणबत्त्यांना पाणी कितीतरी जास्त वर आलं. पेला तोच, आतला ऑक्सिजन तेवढाच. मग पाणी जास्त का?

कारण मुख्यतः उष्णतेत आहे. पेला पालथा घालताना आतली हवा तापून फुगते आणि थोडी कडेनं निसटते. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर ते बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मेणबत्ती विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन सगळा संपतही नाही, बराच शिल्लक असतानाच ज्योत विझते. शिवाय जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुमच्या गाइडमध्ये अजून जुनंच कारण छापलेलं असेल, तर प्रयोग स्वतः करा, एकदा एका मेणबत्तीनं आणि एकदा तीन मेणबत्त्यांनी. त्याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ बघून भागणार नाही. पाणी कोणत्या क्षणी चढतं तिकडेच बघायचं असतं आणि व्हिडिओत नेमकं तेव्हा कुणीतरी बोलत असतं.

छोट्या पण रोजच्या

साखर पाण्यात विरघळते, बर्फ वितळतो. "मीठ वितळलं" असं लिहिलेलं दिसलं की मी तिथंच थांबते.

थंड पाण्याच्या पेल्याबाहेर जमलेलं पाणी आतून पाझरलेलं नसतं, ते हवेतल्या बाष्पाचं असतं. मुलं माठ बघून हे उत्तर देतात, आणि माठ खरोखरच पाझरतो, म्हणून त्यांना रागावू नका. स्टीलच्या पेल्यात रंगीत सरबत ओता. बाहेरचे थेंब बिनरंगीच राहतात.

हळदीच्या कागदावर लिंबू पिळून रंग बदलायची वाट बघू नका, बदलणार नाही. हळद आम्लारी ओळखते. साबणाचं पाणी किंवा चुन्याची निवळी टाका, लाल होईल. घरोघरी हळदीचं कुंकू करायचे ते याच चुन्याच्या जोरावर. आम्लासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घ्या.

वाण्याकडे "वजन दोन किलो" म्हणा, पण वहीत किलोग्रॅम हे वस्तुमान आणि वजन न्यूटनमध्ये. चंद्रावर वजन साधारण एक षष्ठांश होतं, वस्तुमान तेवढंच राहतं.

विजेचे प्रयोग फक्त सेलवर. घरातल्या प्लगपाशी वायर घेऊन जाणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी प्रयोगच करू देत नाही.

उन्हाळा का येतो?

"तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते." हे उत्तर मी आठवीतही वाचलंय आणि पालकांकडूनही ऐकलंय. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा आपण स्वेटर घालून शाळेत येतो. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब असते, 15.2 कोटींवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. त्यामुळे सूर्य उन्हाळ्यात दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि हिवाळ्यात तिरपा राहतो.

हे फळ्यावरच्या आकृतीनं मुलांच्या डोक्यात शिरत नाही, सावलीनं शिरतं. अंगणात एक काठी सरळ रोवा आणि डिसेंबरपासून महिन्यातून एकदा भर दुपारची सावली दोरीनं मोजून दोरीला गाठ मारा. जानेवारीनंतर सावली आखडते आणि गाठी दोरीच्या काठीकडच्या टोकाजवळ सरकायला लागतात. पुण्यात मेच्या मध्याला, साडेबाराच्या सुमाराला, काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. नागपूरला हा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून दोरी मुलांच्या घरी पाठवते आणि जूनमध्ये परत मागते. पुण्यात जुलैत सावली पुन्हा एकदा नाहीशी होते, पण तेव्हा वर ढग असतात.