डीपी वेळेत दुरुस्त करायची असेल तर पुरवठादार कसे सांभाळावेत

लातूरच्या एमआयडीसीत आमचं डीपी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली सतरा वर्षं खरेदी मी बघते. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर; कागदावर रोहित्र लिहितो, बोलताना डीपीच. दिवाळी झाली की हरभऱ्याला, ज्वारीला पाणी द्यायची घाई सुरू होते. ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीवर ५ एचपीचे दहा-अकरा पंप निभावतात, पण कित्येक शिवारांत त्याहून कितीतरी जास्त एकदम चालू असतात. मग डीपी जळते आणि सगळीकडच्या जळालेल्या डीपी एकाच वेळी दुरुस्तीला निघतात. इकडे एकेक दिवस उशीर झाला की तिकडे पीक वाळत असतं. वाइंडरचा, म्हणजे कॉईल गुंडाळणाऱ्या कारागिराचा, हात कितीही चांगला असू द्या, वायरवाला, ऑईलवाला आणि गॅस्केटवाला तुमचा फोन कसा उचलतात यावर त्या दोन महिन्यांतलं निम्मं काम अवलंबून असतं. या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी आमची पद्धत सांगते.

आधी एक वही घाला. डाव्या पानावर पुरवठादाराचं लिहायचं: ऑर्डर कधी दिली, माल कधी देतो म्हणाला, कधी आला, पूर्ण आला का, परत किती पाठवला. उजव्या पानावर आपलं: पैसे कधी द्यायचे ठरले, कधी दिले. हे उजवं पान कुणी लिहीत नाही, आणि खरी गोम तिथंच असते. मी वर्षभर नेमानं लिहिलं तेव्हा दिसलं की ज्या महिन्यात आमचे पैसे लांबले, त्याच्या पुढच्या महिन्यात वायर लांबली. तोवर मी त्यालाच बोल लावत होते.

त्यानंतर मालाची यादी करा, पण किमतीच्या क्रमानं नको. कशावाचून काम अडतं, त्या क्रमानं करा. एका नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे सहा डीपी वाइंडिंग होऊन, ओव्हनमध्ये वाळून तयार होत्या आणि टाकीच्या झाकणाचं गॅस्केट नव्हतं. कॉर्कची शीट, सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. झाकण बसेना, म्हणून ऑईल भरता येईना. असं मोठ्यांचंही होतं. २०१५ च्या दुष्काळात खडका धरणातलं पाणी आटलं आणि परळीच्या औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. वीजकेंद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कोळशाच्या वाघिणी येतात. पाणीही तितकंच लागतं. तेव्हा गॅस्केट, बुशिंगचे रॉड, सिलिका जेल या किरकोळ गोष्टींचा दोन महिन्यांचा साठा ठेवा. त्यात पैसा फार अडकत नाही. वायर आणि ऑईल मात्र साठवत बसू नका. वायरचं कारण पुढं सांगते.

माल आला की त्याच दिवशी तपासायचा. वायरचा व्यास मायक्रोमीटरनं तीन जागी मोजा. ऑईलच्या पिंपाच्या तळातून नमुना काढा, वरून नाही, कारण पाणी खाली बसतं. बीडीव्ही टेस्ट किट (ऑईल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ते मोजणारं यंत्र) असेल तर इलेक्ट्रोडमधल्या २.५ मिमी अंतरावर, न गाळलेल्या नव्या ऑईलला निदान ३० केव्ही मिळालं पाहिजे. खराब निघालं तर फोनवर आवाज चढवू नका. नमुना बाटलीत सील करा, तारीख टाका, पुरवठादाराला बोलवा आणि त्याच्यासमोर पुन्हा टेस्ट घ्या.

हे मी चटका बसल्यावर शिकले. एका पावसाळ्यानंतर १०० केव्हीएच्या चार डीपी गॅरंटीत परत आल्या. उघडल्या तर एचटी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या बाजूच्या, कॉईलमध्ये शॉर्ट. मी थेट वायरवाल्याला फोन लावला आणि बिल अडवून धरलं. तो स्वतः आला. काही न बोलता गोडाऊनमध्ये गेला आणि सगळ्यात वरच्या रिळाच्या वायरवर गुंडाळलेला वीतभर पेपर सोलून माझ्या हातात दिला. चुरगळला तर कुरकुर वाजला. मग भिंतीलगतच्या, फरशीवर ठेवलेल्या रिळाचा पेपर दिला. तो वाजला नाही, कापडासारखा मऊ लागला. भिंतीला ओल होती. त्यात हंगामाच्या घाईत आम्ही कॉईल ओव्हनमध्ये ठेवायचा वेळही कमी केला होता. "ताई, माल माझा आहे, पण ओल तुमची आहे," तो म्हणाला. मी त्याच दिवशी बिल चुकतं केलं आणि दुसऱ्या दिवशी लाकडी फळ्या टाकून सगळी रिळं उचलून घेतली. कागदाच्या वायरचा जास्त साठा नको म्हणते तो याच कारणानं. त्या दिवसापासून तक्रार करायची म्हटली की मी आधी स्वतःचं गोडाऊन बघते, मग फोन करते.

आता पैशाचं. आपल्यालाही वरून बिल उशिरा निघतं, हे मला कळतं. पण तारीख चुकणार असेल तर ती उलटायच्या आधी फोन करा, आणि जमेल तेवढी रक्कम त्या दिवशी टाकाच. कायदाही नीट माहीत हवा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणूनही धरता येत नाही. हाच कायदा तुमचं येणं थकलं तर तुमच्याही कामी येतो. आपली उद्यम नोंदणी करून घ्या आणि तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापा.

एका वस्तूला दोन पुरवठादार पुरेत. पाच ठेवले की तुम्ही कुणाचेच राहत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम पोळ्याच्या आठवड्यात करायचं. मागच्या तीन हंगामांत कोणत्या तालुक्यातून किती केव्हीएच्या किती डीपी आल्या, ते रजिस्टरमधून काढायचं आणि येत्या हंगामाचा अंदाज वायरवाल्याला आणि ऑईलवाल्याला लिहून द्यायचा. आकडा खरा द्या. टंचाईच्या भीतीनं दहा लागत असताना वीस सांगायची खोड बऱ्याच जणांना आहे. मग वायरवाला कुणाच्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही आणि ऐन नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना थोडी थोडी वायर वाटतो. आमच्या शेजारच्या डाळमिलवाल्यांची हीच रीत आहे: तूर बाजारात यायच्या आधी ते अडत्याला आपली खरी गरज सांगून ठेवतात.

आपलं सांगून झालं की त्याला विचारा, "आमच्यामुळं तुमचं काय अडतं?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा वायरवाला थोडा वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, "तुम्ही दर आठवड्याला वेगळ्या गेजची, म्हणजे वेगळ्या जाडीची, पन्नास किलो वायर मागता. प्रत्येक वेळी मला मशीनचे डाय बदलावे लागतात, त्यात अर्धा दिवस जातो. म्हणून तुमची ऑर्डर मागं पडते." एवढी वर्षं व्यवहार होता, पण हे मला माहीत नव्हतं. आता २५ आणि ६३ केव्हीएला लागणाऱ्या गेजची ऑर्डर महिन्यातून एकदाच देते, आणि तो त्याच्या सोयीनं दोन खेपांत पाठवतो.