डेंटलच्या अर्जात 'लहानपणापासून आवड' नको

डेंटल स्कूलला अर्ज करताय ना, मग फॉर्म भरायच्या आधी एखाद्या डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये चार-सहा दिवस नुसतं उभं राहून बघा (परवानगी काढून बरं का), आणि रोज घरी आलं की वहीत दोन ओळी खरडून ठेवा. नाहीतर अर्जातला 'डेंटिस्ट का व्हायचंय' हा निबंध लिहायला बसल्यावर काही म्हणजे काही आठवत नाही, मग सगळे तेच लिहितात, लहानपणापासून आवड, समाजसेवा वगैरे, वाचणाऱ्याला जांभई येते. त्यापेक्षा वरच्या दाढेचं काम करताना डॉक्टर बऱ्याचदा दाताकडे थेट न बघता छोट्या आरशात बघून हात चालवतात, ते बघून तुम्हीही घरी आरशात बघत कागदावर साधा चौकोन गिरवायला गेलात आणि पेन्सिल भलतीकडेच पळाली, हे लिहा की! हाताचं कसब म्हणून शिवणकाम, मातीकाम, सोल्डरिंग, जे खरंच करता तेच सांगा, इंटरव्ह्यूत त्यावरच प्रश्न येऊ शकतो. पेशंटचं नाव कुठेही नको. आणि शिफारसपत्र सरांकडे महिनाभर आधी मागा, शेवटच्या आठवड्यात मागितलं की दोन ओळींचं मिळतं.